पत्री सरकारला शिक्षा देण्याचा हक्क कुणी दिला?

कृष्णाकाठ
९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. माझ्या मते इंग्रजांनी सातारा जिल्ह्यावरचा हक्क त्याच दिवशी गमावला. नाना पाटलांनी प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, उभं केलं त्याला बंड का म्हणायचं? लोकांनी आपलंच राज्य परत घेतलं. गावोगाव न्यायमंडळं बसली, दरोडेखोरांना आळा बसला, कमी खर्चात गांधी लग्नं लागली.

साधा वकील
आणि ‘पत्री’, म्हणजे तळपायावर काठ्या मारून माणूस पांगळा करणं? वकील नाही, अपील नाही. अमका खबऱ्या आहे हे ठरवलं कुणी? जुलमी सरकारचं ऐकणार नाही, इतका हक्क मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याचे पाय मोडण्याचा हक्क त्यातून निघत नाही. भूमिगतांनी उघडपणे हजर व्हावं, असं गांधीजींनीही सांगितलं होतं.

कृष्णाकाठ
हजर होऊन जायचं कुठे, गोळ्या घालणाऱ्यांच्याच कोर्टात? माझी आजी कुंडलजवळच्या वस्तीवरची. रात्री भूमिगत येतील म्हणून ती चार भाकऱ्या जास्त थापायची. तिला कुणी धाक घातला नव्हता. घराघरांतून अशी भाकरी मिळाली म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं सापडली नाहीत. लोकांची संमती म्हणतात ती हीच.

साधा वकील
आजींना नमस्कार. पण ज्याला पत्री बसली त्याच्या घरीही कुणीतरी भाकरी थापत होतंच. त्याची संमती कुणी विचारली?

माणदेशी
२५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेब घटना समितीत म्हणाले होते की, घटनात्मक मार्ग बंद होते तेव्हा घटनाबाह्य मार्गांना बरंच समर्थन होतं. मार्ग खुले झाल्यावर ते अराजकाचं व्याकरण ठरतं. म्हणजे प्रतिसरकारच्या काळाचं, १९४३चं माप आजच्या आंदोलनांना लावू नका.

कृष्णाकाठ
मार्ग खुला आहे की बंद, हे सरकारनंच सांगायचं का? २८ एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला: आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना.

साधा वकील
तरी १९७७ला लोकांनी ते सरकार मतपेटीतून पाडलं.

कृष्णाकाठ
निवडणूक जाहीर झाली म्हणून. तोवर तुरुंगात असलेल्यांनी काय करायचं होतं, तेवढं सांगा.

साधा वकील
याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. पण तळपायावरच्या काठीला मी न्याय म्हणणार नाही.