ऑस्ट्रेलियाच्या ऑपेरा गायिका नेली मेल्बा यांना ‘निरोप घेत राहिलेली बाई’ म्हणून मोकळे होणाऱ्यांसाठी

लिलीडेलकर:
“मेल्बा ही आवाजापेक्षा जाहिरातीवर मोठी झालेली आणि निरोपाचे प्रयोग लावून गल्ला भरणारी बाई होती,” असे स्पष्टवक्ता यांनी काल लिहिले आणि बऱ्याच जणांनी त्यावर माना डोलावल्या. मी मेलबर्नजवळच्या लिलीडेल गावात, मेल्बाबाईंच्या कबरीपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहतो. हे वाचून मला गप्प बसवले नाही.

निरोपांचेच आधी पाहू. १९२४ साली मेलबर्नमध्ये ऑपेराच्या मंचाचा निरोप, ८ जून १९२६ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहाचा निरोप आणि १९२८ मध्ये सिडनी, मेलबर्न व जिलाँग येथल्या शेवटच्या मैफिली, एवढ्यावरून बाईंची चेष्टा ऑस्ट्रेलियात म्हणीसारखी रूढ झाली. लंडनचा श्रोता वेगळा होता आणि ज्याला आयुष्यात कधी लंडन दिसणार नव्हते असा जिलाँगचा श्रोता वेगळा होता. १९०९ मध्ये बाई ऑस्ट्रेलियाच्या आडगावांत गात फिरल्या होत्या. त्या लोकांचा निरोप लंडनमध्ये कसा घेतला जाणार होता? पहिल्या महायुद्धात त्यांनी मैफिली करून आणि झेंड्यांचे लिलाव मांडून मदतनिधीसाठी सुमारे १,००,००० पौंड उभे केले, मेलबर्नच्या आल्बर्ट स्ट्रीटवरील संगीतशाळेत मुलींना एक पैसाही न घेता शिकवले, आणि आपण मात्र फक्त निरोप मोजत बसलो आहोत.

स्पष्टवक्ता:
आपण कबरीजवळ राहता, त्यामुळे आपला जिव्हाळा समजू शकतो. परंतु जिव्हाळा हा पुरावा नव्हे. १९०४ मध्ये तिच्या तबकड्या फिकट जांभळ्या रंगाचे खास लेबल लावून एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, अशा किमतीला विकल्या जात होत्या. ज्या आडगावच्या श्रोत्याच्या नावाने आपण गहिवरता, त्याने ती तबकडी कशी विकत घ्यावी? इटालियन गायक टिटा रुफो यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘रिगोलेटो’ या ऑपेराच्या वेळी हा तरुण रंगमंचावर माझा बाप शोभणार नाही असे म्हणून तिने त्यांना भूमिकेतून दूर केले. पुढे तिलाच त्यांच्याबरोबर गायची इच्छा झाली, तेव्हा आता ती फार म्हातारी आहे असे उत्तर त्यांनी धाडले. दान करणारा हात वाट अडवणाराही असू शकतो.

कोमल ऋषभ:
स्पष्टवक्ता यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, कारण हे मी जवळून पाहिले आहे. मी ज्या संस्थेत नऊ वर्षे शिकले, तेथे वार्षिक समारंभात आमच्या ज्येष्ठ गायिकेच्या आधी कोणाही विद्यार्थिनीला दहा मिनिटांपेक्षा जास्त गाऊ दिले जात नसे. एका वर्षी माझा यमन रंगला, लोकांनी ‘आणखी’ म्हटले, आणि पुढल्या वर्षी माझे नाव पत्रिकेतच नव्हते. मोठ्या कलावंताचा मोठेपणा म्हणून हे सारे आपण खपवून घेतो, हे मला कधीही पटलेले नाही.

तबकडी:
किमतीचा विषय निघालाच आहे, तर तबकडीविषयी बोललेच पाहिजे, कारण ‘मेल्बाचा आवाज थंड आणि बारीक होता’ हा समज तिथूनच पसरला. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यासमोर उभा राहून गात असे, आणि वरचा जोरकस स्वर आला की सुई उडू नये म्हणून मागे सरकत असे. मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे बारीक उपस्वर कर्ण्यातून पुरेसे उतरतच नसत. शिवाय त्या वेळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. कमी वेगाने कोरलेली तबकडी ७८ वर लावली की स्वर चढतो आणि बाई शिट्टी वाजवल्यासारखी ऐकू येते. माझ्या आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर वेग कमी करण्याची छोटी पितळी कळ होती. ती हळूहळू मागे सरकवत एकेक स्वर जागेवर आणताना मी त्यांना पाहिले आहे. तेव्हा आधी कळ फिरवा, मग मत द्या.

स्पष्टवक्ता:
म्हणजे दोष यंत्राचा, श्रोत्याचा, टीकाकाराचा. फक्त गायिकेचा कधीच नाही! १९०४ मध्ये त्याच कर्ण्यासमोर इटालियन गायक कारुसोही गात होता आणि त्याच्या आवाजातील ऊब आजही पोहोचते.

तबकडी:
पुरुषाचा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा, आवाज कर्ण्याला मानवत असे, वरचा स्त्रीस्वर मानवत नसे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या कोणालाही विचारा. तुलना करण्यापूर्वी एवढे तरी समजून घ्या.

लिलीडेलकर:
मूळ प्रश्न बाजूला पडत चालला आहे. कोमल ऋषभ, तुमच्यावर झालेला अन्याय खरा आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु तुमच्या संस्थेतल्या बाईंचा राग मेल्बाबाईंवर काढू नका. लोकप्रतिमा कशी घडते तेही पाहा. १९०३ मध्ये जॉन नॉर्टन या वृत्तपत्र-मालकाने बाई दारू पितात असे जाहीर पत्र आपल्या वृत्तपत्रात छापले. त्या न्यायालयात गेल्या नाहीत, आणि ते किटाळ जन्मभर चिकटले. त्याच काळात पुरुष गायकांच्या ग्लासांचा हिशेब कोणी ठेवला होता काय?

कोमल ऋषभ:
तो मुद्दा मान्य आहे. दारूचा आरोप मी केलेला नाही आणि करणारही नाही. मात्र राग काढू नका असे मला सांगण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ज्यांचे नाव पत्रिकेतून गाळले जाते, त्यांचा राग कायम चुकीच्याच जागी असतो, हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

तबकडी:
वाद करण्याआधी ८ जून १९२६ ची तबकडी ऐका. ती विजेच्या मायक्रोफोनवर, कॉव्हेंट गार्डनमध्ये प्रत्यक्ष प्रयोगातच ध्वनिमुद्रित झाली आहे. बाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. ‘ला बोएम’ या ऑपेरातील नायिका मिमी हिचा निरोप आहे, आणि शेवटी आभाराचे भाषण आहे, त्यात त्यांचा आवाज फुटतो.

स्पष्टवक्ता:
रात्री ऐकली, दोनदा ऐकली. पासष्टाव्या वर्षी इतका सरळ, न हलणारा स्वर मी अन्य कोणाचा ऐकलेला नाही. ‘आवाजापेक्षा जाहिरात’ हे शब्द मी मागे घेतो. वाट अडवण्याविषयी लिहिलेले मात्र तसेच राहील.

लिलीडेलकर:
तेवढेही पुष्कळ झाले. मिमीच्या त्याच गाण्यातली शेवटची ओळ बाईंच्या कबरीवर कोरलेली आहे: ‘अद्दिओ, सेन्झा रान्कोर’, म्हणजे ‘येते मी, मनात कडवटपणा न ठेवता’. पावसाळी दिवसांत त्या अक्षरांत पाणी साचते आणि ती जास्त स्पष्ट दिसतात.

कोमल ऋषभ:
ओळ सुंदर आहे. जिला प्रत्येक निरोपाला भरलेले सभागृह मिळाले, तिला कडवटपणा न ठेवणे जमले असेल. मला अजून जमलेले नाही.