पेशीचे तापमान 'मोजले' म्हणावे का?

प्रश्न : एका लेखाच्या संपादनात वाक्य अडले आहे. 'मानवी पेशींतील तंतुकणिकांचे तापमान २०१८ मध्ये मोजले गेले; ते सुमारे ५० अंश सेल्सियस भरले.' (तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातील सूक्ष्म घटक.) पेशींभोवतीचे द्रावण ३८ अंशांवर होते. अशा ठिकाणी 'मोजले' चालेल? आणि फ्लुरोसन्ससाठी, म्हणजे प्रकाश शोषून पुन्हा चमकण्यासाठी, 'प्रतिदीप्ती' घेऊ की 'अनुस्फुरण'?

प्रतिसाद : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे. दोन्ही शब्द रूढ आहेत, लेखभर एकच ठेवा. 'मोजले' मात्र मला खटकते. त्या प्रयोगात तंतुकणिकांत शिरणारे रंगद्रव्य वापरले होते. ते तापले की त्याची चमक मंदावते. प्रत्यक्षात नोंदली गेली ती चमक, अंश नव्हेत.

प्रतिसाद : मग तापमापीत तरी काय दिसते? पाऱ्याची लांबीच ना? तेवढ्यावरून 'मोजले' नाकारता येणार नाही.

प्रतिसाद : मुद्दा बरोबर, पण पारा काचेत बंद असतो, रंगद्रव्य पेशीत उघडे असते. आम्लता, क्षार, द्रवाचा दाटपणा यांपैकी काहीही बदलले तरी त्याची चमक बदलू शकते आणि पेशीत हे सारे सतत बदलत असते. शिवाय पेशीत निर्माण होणारी उष्णता इतकी अल्प आणि ती भोवतीच्या पाण्यात इतकी झटपट पसरते, की हिशेबाने पेशी आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक अंशाच्या लाखाव्या भागाइतकाच निघतो. अशा मापनांवर ही टीका त्या प्रयोगाआधी, २०१४ मध्येच झाली होती. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून क्रियापद जपून निवडायला हवे.

याउलट पेशीत तापमापी म्हणून वापरल्या जाणाऱ्या अब्जांश हिऱ्यांसाठी (नॅनोडायमंड, म्हणजे हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण) मी 'मोजले' बेधडक लिहीन. हिऱ्यात नायट्रोजनच्या अणूशेजारी एक जागा रिकामी असली, की ती जोडी लाल प्रकाश देते. हिऱ्यावर सोडलेल्या सूक्ष्मलहरींची (मायक्रोवेव्ह) वारंवारता २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास आली, की तो प्रकाश मंदावतो. तापमान १ अंशाने वाढले, की ही वारंवारता सुमारे ७४ किलोहर्ट्झने उतरते. इथे चमक किती यापेक्षा ती कोणत्या वारंवारतेला घटते हे पाहायचे असते. ही जोडी हिऱ्याच्या आत असल्याने बाहेरच्या रसायनांचा उपद्रवही फार कमी. २०१३ मध्ये हार्वर्डच्या गटाने जिवंत पेशीत सोन्याचे कण लेझरने तापवून असे तापमान मोजून दाखवले.

मूळ प्रश्नकर्ता : पटले. वाक्य असे केले : 'रंगद्रव्याच्या घटलेल्या चमकेवरून तंतुकणिकांचे तापमान ५० अंशांच्या आसपास असावे, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडला गेला, तो वादग्रस्त आहे.' लेखातील हिऱ्यांच्या परिच्छेदात 'मोजले' तसेच ठेवले.