अमेरिका न दाखवणारा अमेरिकेचा पिक्चर

अमेरिकेत आलेल्या इटालियन लोकांचा पिक्चर म्हटलं की गॉडफादर २ चं नाव निघतं. त्यातला एलिस आयलंडचा (न्यूयॉर्कजवळचं बेट, जिथे बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची) सीन भारी आहे हे मान्यच, पण पुढे तिथे आलेला पोरगा व्हिटो डॉन होतो म्हणून सगळं वसूल झाल्यासारखं वाटतं ना. त्यापेक्षा इटालियन दिग्दर्शक क्रिआलेझेचा नुओवोमोन्दो (म्हणजे नवं जग, २००६) बघा, सिसिलीतल्या गरीब शेतकऱ्याला अमेरिकेतल्या अवाढव्य भाज्यांचे, झाडाला लागलेल्या पैशांचे फोटो मिळतात आणि गडी म्हाताऱ्या आईपोरांसकट गाशा गुंडाळून निघतो, मग एलिस आयलंडला पोचल्यावर काय तर अंगाची तपासणी, ठोकळे जुळवायच्या बुद्धीच्या टेस्ट आणि म्हातारी तर साहेबांना अजिबात दाद देत नाही (कमाल बाई!). गंमत म्हणजे न्यूयॉर्क दिसतच नाही, बाहेर नुसतं धुकं. आणि आत घेतलेल्यांचं काय झालं ते मोन्ताल्दोच्या १९७१ च्या साक्को-व्हान्झेत्ती या पिक्चरमध्ये आहे, अमेरिकेत आलेल्या दोन इटालियनांची खरी गोष्ट, एक चपला-बूट करणारा, एक मासे विकणारा, दोघांनाही खुनाच्या खटल्यात १९२७ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवून मारलं.