बॅट : शब्द एक नव्हे, चार

इंग्रजीत खेळातल्या फळीलाही ‘बॅट’ म्हणतात आणि वटवाघळालाही. ‘वटवाघळाचे पंख फळकुटासारखे पसरतात म्हणून तोही बॅट’ हे त्याचं स्पष्टीकरण ऐकायला छान आहे, पण चुकीचं. खेळातली बॅट जुन्या इंग्रजीतल्या सोट्यापासून आली. गवंडीकामातल्या ‘ब्रिकबॅट’मधला (विटेच्या तुकड्यातला) ‘बॅट’ही कोशकार त्याच नोंदीत घेतात. वटवाघळाचं जुनं नाव वेगळंच होतं, ‘रेअरमाउस’. मध्ययुगात स्कँडिनेव्हियन वळणाचा ‘बाक्के’ आला आणि १६व्या शतकात त्यातल्या ‘क’चा ‘ट’ झाला. म्हणजे साम्य निव्वळ उच्चाराच्या घसरणीतून आलेलं.

पापणी लवण्याचं ‘बॅट’ (‘बॅट ॲन आयलिड’मधलं) तिसरंच. हातावरचा ससाणा पंख फडफडवू लागला की शिकारी त्या फडफडण्याला ‘बेट’ म्हणत. मूळ फ्रेंच ‘बात्र’, म्हणजे मारणे. लष्करी अधिकाऱ्याच्या दिमतीचा ‘बॅटमन’ चौथा : फ्रेंच ‘बा’ म्हणजे ओझ्याच्या जनावराचं खोगीर. (मुखवटेवाल्याचा इथे संबंध नाही!)

कोश चाळताना शब्दाच्या डोक्यावरचा बारीक १, २, ३ पाहा. तो आकडा बदलला की बहुधा व्युत्पत्तीच बदलते (कधी फक्त नाम-क्रियापदाचा फरक असतो). नोंदीच्या आतले आकडे मात्र एकाच शब्दाच्या अर्थछटांचे. या दोन्हींची गल्लत झाली की असली पंखांची स्पष्टीकरणं जन्माला येतात.