विषय: मंडळाच्या नव्या कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाहीये (२८च्या आत!!)

मिलिंद (सचिव), मंगळवार रात्री ११:४०

मंडळी,
जोडणी झाली. पंखे फिरतात, स्क्रीन येते, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर) १६ जीबी रॅम दिसते. गणपतींची रेकॉर्डिंग्ज असलेली आपली जुनी २ टीबीची हार्ड डिस्कही दिसते. नवी एसएसडी मात्र कुठेच नाही. विंडोज ११ची पेनड्राइव्ह लावली की "कुठे टाकू" या पानावर ती एकटी २ टीबीवालीच येते. मी तिथेच थांबलो. पुढचं बटण दाबलं असतं तर आजवरच्या सगळ्या गणपतींचं एका फटक्यात विसर्जन झालं असतं.

एसएसडी तीनदा काढून घातली. भाषा दिनाचा कार्यक्रम शनिवारी २८ला आहे, स्लाइड्स आणि ट्रॅक यावरच लावायचे आहेत. जुन्या मशीनने दिवाळीत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. कोणाला काय सुचतंय?

अरुणकाका, बुधवार सकाळी ६:१०

मिलिंद, "नवी" म्हणू नकोस. ती एसएसडी मी दिलेली आहे, माझ्या लॅपटॉपमधून काढून, आणि काढली तेव्हा उत्तम चालत होती. डिस्कला नावं ठेवण्याआधी बोर्ड तपासा. बोर्ड कोणी निवडला यावर मी काही बोलत नाही. बायोस अपडेट करून बघा.

सुनीता (खजिनदार), बुधवार सकाळी ८:०२

बोर्ड कमिटीने निवडला, मिनिट्समध्ये नोंद आहे. रॅमचे भाव बघता जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम चालणारा घेतला आणि एसएसडी विकत घ्यायची नाही असं ठरलं, तेव्हा काका स्वतः हजर होते. प्रदीप, कॅबिनेटची पावती अजून आलेली नाही.

प्रदीप, बुधवार सकाळी ९:२५

पावती आज पाठवतो. डिस्कचं म्हणाल तर हा व्हीएमडीचा घोळ आहे, डोळे मिटून सांगतो. व्हीएमडी म्हणजे इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच मशीनवर एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) तिच्या मागे लपते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं, नाहीतर ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून "लोड ड्रायव्हर" करायचं. भाच्याच्या लॅपटॉपला हेच झालं होतं, त्या पोराने दोन दिवस घालवले आणि मी दहा मिनिटांत केलं.

दिलीपकाका, बुधवार दुपारी १२:१५

विंडोज सोडा, उबुंटू टाका. दरवर्षी सांगतो.

केतकी, बुधवार दुपारी १२:५०

प्रदीपदादा, व्हीएमडी असतं तर डिस्क निदान बायोसमध्ये तरी सहसा दिसते. इथे तिथेच नाही. दिलीपकाका, बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर उबुंटू तरी कुठे टाकणार?

मिलिंददादा, एसएसडीच्या सोनेरी टोकाला खाचा किती आहेत? आणि लेबलवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं पाठव.

शैलावहिनी, बुधवार दुपारी १:३०

खाचा मोजायला हात घालण्याआधी कोणीतरी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा रे. अरुणभावजींच्या बेसमेंटमध्ये कार्पेट आहे, आणि टोरांटोच्या फेब्रुवारीत हीटर लावून हवा इतकी कोरडी होते की मला परवा दाराच्या मुठीचाच झटका बसला. साधे मोजे घाला, लोकरीचे नकोत. शिवाय २८च्या जेवणाची यादी अजून अर्धी रिकामी आहे, कोशिंबीर तिघींनी लिहिलीय आणि भात कोणीच नाही.

मिलिंद, बुधवार रात्री ८:४५

खाचा दोन. लेबलवर "साटा ६ जीबी/एस". भात मी आणतो.

केतकी, बुधवार रात्री ९:०५

मग सापडलं. एम.२ हा या पट्टीसारख्या एसएसडीचा फक्त आकार आहे. त्याच आकारात जुन्या पद्धतीची साटाही येते आणि वेगवान एनव्हीएमईही. दोन खाचा बहुतेक साटाला असतात (काही एनव्हीएमईलाही असतात, म्हणून लेबल विचारलं). ती कुठल्याही स्लॉटमध्ये नीट बसते, म्हणूनच फसगत होते. बोर्डाचं मॅन्युअल मी आत्ता उघडलं. प्रोसेसरजवळचा वरचा स्लॉट फक्त एनव्हीएमईचा आहे, खालचा दोन्ही घेतो. काकांची डिस्क खाली लावा.

अरुणकाका, बुधवार रात्री ९:४०

म्हणजे डिस्क चांगलीच आहे. नोंद घ्यावी. साटा जुनी आहे असं कोणी म्हणण्याआधी सांगतो, सेकंदाला ५०० एमबी वाचते. पुण्यात आम्ही फ्लॉपीवरून विंडोज टाकायचो, तेरा फ्लॉप्या, आणि अकरावी हमखास खराब.

सुनीता, बुधवार रात्री ९:५५

काका, डिस्कबद्दल मंडळ आपलं आभारी आहे. प्रदीप, पावती.

मिलिंद, गुरुवार रात्री ७:५०

खालच्या स्लॉटला लावायला गेलो तर स्क्रू एकच, तो वरच्याचा, तांदळाच्या कणीएवढा. काढताना बोर्डाखाली गेला. कॅबिनेट उलटं करून हलवल्यावर बाहेर आला. पुन्हा हरवू नये म्हणून पूजेच्या पेटीतल्या कुंकवाच्या कोयरीत ठेवला होता, त्यामुळे आता तो लाल आहे.

एसएसडी दिसली! पण २ टीबीवाली गायब झाली!! केतकी??

केतकी, गुरुवार रात्री ८:०५

घाबरू नकोस, रेकॉर्डिंग्ज सुखरूप आहेत. खालच्या स्लॉटमध्ये साटा डिस्क लावली की बोर्ड बाजूचं एक साटा पोर्ट बंद करतो, कारण दोन्ही एकाच वाटेवर आहेत. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घाल. पण आत्ता नको! आत्ता ती काढलेलीच राहू दे. आधी एसएसडीवर विंडोज टाक, मशीन बंद कर, मगच जोड. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं की कधीकधी बूटचा भाग भलत्याच डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

दिलीपकाका, गुरुवार रात्री ८:२०

उबुंटूत हे असलं काही नसतं.

केतकी, गुरुवार रात्री ८:२२

काका, पोर्ट उबुंटूतही बंदच राहील.

मिलिंद, गुरुवार रात्री ९:१५

विंडोज आलं. वायफायचा ड्रायव्हर नव्हता, फोन यूएसबीने लावून त्याचं नेट दिलं. आता मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतोय. माझं टाकून मोकळा होऊ का?

सुनीता, गुरुवार रात्री ९:१८

नाही. मंडळाची वस्तू कोणाच्या वैयक्तिक नावावर जाणार नाही.

केतकी, गुरुवार रात्री ९:२४

सुनीताताईंचं बरोबर आहे, आणि नुसतं नियमापुरतं नाही. हल्लीचं विंडोज ११ नव्याने टाकलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ अंकी किल्ली ज्याच्या अकाउंटने साइन इन केलं त्याच्याकडेच जाते. उद्या सचिव बदलला की रडारड. मंडळाचं अकाउंट वापर.

मिलिंद, गुरुवार रात्री ९:३०

त्याचा कोड वसंतकाकांच्या फोनवर जातो. काका एप्रिलपर्यंत पुण्यात. काका, लिस्ट वाचताय का? तिकडे सकाळचे आठ वाजले असतील.

वसंतकाका (माजी सचिव), गुरुवार रात्री ९:३८

वाचतोय. चहा झाला. मी सचिव असताना पासवर्डची वही कपाटात असायची, ती कोणी हलवली हा प्रश्न वेगळा. हा घे कोड: ४१७ ०८२.

सुनीता, गुरुवार रात्री ९:३९

काका, हे सगळ्या लिस्टला गेलं.

मिलिंद, गुरुवार रात्री ९:४१

चालला. कोणी दुसऱ्यांदा वापरू नका.