रनिंग कमी आहे म्हणून लगेच हो म्हणू नका

सात वर्षं जुनी पण फक्त ४५ हजार किमी चाललेली जर्मन सेडान घ्यावी का असं एकाने विचारलंय, मी तशीच एक तीन वर्षं वापरतोय म्हणून सांगतो. चालवायला खरंच सुख आहे, हायवेला रस्ता धरून पळते आणि दार लावताना जो ठप्प आवाज येतो ना, मी परत हीच घेईन. पण रनिंगवर जाऊ नका, रबर आणि प्लॅस्टिक वयानेही कडक होतं. माझ्या गाडीत कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) दर महिन्याला थोडं थोडं कमी व्हायचं, खाली एक थेंब नाही, शेवटी थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह सांभाळणारा वॉल्व्ह) प्लॅस्टिक हाउसिंगला केसाएवढी चीर निघाली, बाजूला वाळलेला पांढरट डाग होता तेवढाच काय तो पुरावा. बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण गार असू दे आणि स्टार्ट स्वतः मारा, सुरुवातीच्या दोनचार सेकंदात इंजिनातली टायमिंग चेन खडखडतेय का ते नीट ऐका.

गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं, कधी बदलावं लागत नाही म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच्या ८-स्पीड ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला म्हणते. टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) असतील तर खड्डे जास्त जाणवणार, मी साधे टाकले आणि गाडी केवढी मऊ झाली! फक्त मग डिकीत स्टेपनी किंवा पंक्चर किट ठेवाच.