‘कोरोमंडल’ जहाजाने १८०२ मध्ये सिडनीला आलेल्या मूळ पुरुषाचा माग कसा काढावा?

वानप्रस्थ (पुणे)

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा सिडनीला स्थायिक झाला असून सून तिथल्याच एका जुन्या घराण्यातली आहे. आमच्या विहीणबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते की, त्यांचे मूळ पुरुष १८०२ साली ‘कोरोमंडल’ जहाजातून बायकामुलांसह न्यू साउथ वेल्समध्ये उतरले. ते ब्रिटनने शिक्षा देऊन पाठवलेले कैदी म्हणून आले नव्हते, तर स्वखुशीने शेती करण्यासाठी आले होते आणि हॉक्सबरी नदीकाठी पोर्टलंड हेड येथे त्यांना शंभर एकर जमीन मिळाली. विहीणबाईंनी हा इतिहास नातीसाठी नीट लिहून ठेवायचे मनावर घेतले आहे आणि आमच्या कुळाची वंशावळ मी जमवली होती हे ठाऊक असल्यामुळे कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे.

हाताशी फारसे काही नाही. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, पण सगळ्या एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात असल्यामुळे त्या घटनेच्या वेळी न लिहिता पुढे कोणीतरी एका बैठकीत उतरवल्या असाव्यात असे वाटते. विहीणबाईंच्या पणजोबांपर्यंतचे दाखले पक्के आहेत. त्यामागे इंटरनेटवर तीन वेगवेगळ्या वंशावळी सापडतात. एकीत मूळ पुरुष स्कॉटलंडचे, दुसरीत नॉर्थम्बरलंड या इंग्लंडच्या उत्तर सीमेवरच्या परगण्याचे, तर तिसरीत ते १८०४ साली शिक्षा भोगायला आलेले कैदी आहेत. तिन्ही वंशावळींना आधार म्हणून एकमेकींचाच हवाला दिलेला आहे.

आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून सात-आठ पिढ्या सहज मिळाल्या. तिकडे तशी सोय कोणती? मूळ पुरुष स्वतंत्र नागरिक म्हणून आले हे कागदावर कसे सिद्ध करावे आणि ब्रिटनमधले त्यांचे गाव कसे शोधावे, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. घराण्याचे आडनाव खासगी असल्यामुळे येथे देत नाही.

पॅरामॅटाकर (सिडनी)

नमस्कार ताई. प्रथम एक गोष्ट सांगतो, ती ऐकायला उलटी वाटेल. या वसाहतीत कैदी पूर्वज शोधणे सोपे आणि स्वखुशीने आलेला पूर्वज शोधणे अवघड असते. कैद्यावर सरकारची नजर होती, म्हणून त्याचे नाव, खटला कुठे आणि कधी चालला, शिक्षा किती वर्षांची हे जहाजाच्या यादीतच मिळते. पुढच्या काळातल्या याद्यांत तर वय, जन्मगाव, धंदा, उंची आणि अंगावरचे गोंदणसुद्धा मिळते. आपल्या पायांनी आलेल्या शेतकऱ्याची अशी चौकशी करण्याचे सरकारला कारण नव्हते. तो कागदावर उमटतो तो सरकारकडे काही मागताना, म्हणजे जमीन, गुरे, मजूर किंवा धान्य. त्यामुळे प्रवाशांच्या यादीत त्याला शोधत बसू नका, त्याने केलेल्या अर्जांत शोधा.

जहाजाचे नाव हा पुरावा मानू नये, आणि या जहाजाचे तर मुळीच नाही. जून १८०२ मध्ये सिडनीला पोहोचलेल्या ‘कोरोमंडल’वर स्वतंत्र शेतकरी कुटुंबे होती हे खरे, पण त्याच फेरीत पुरुष कैदीही होते. तेच जहाज १८०४ मध्ये पुन्हा कैदी घेऊन आले. आपली तिसरी वंशावळ बहुधा इथेच घसरली असावी. पुढे १८२० मध्ये याच नावाचे दुसरे जहाज कैद्यांसह आले आणि १८३७ च्या जानेवारीत आणखी एक ‘कोरोमंडल’ साउथ ऑस्ट्रेलियात वसाहतकार घेऊन पोहोचले. आपल्या चोलमंडल किनाऱ्याचे नाव इंग्रज जहाजमालकांना इतके आवडावे, याचा त्रास आज वंशावळ लिहिणाऱ्यांना होतो.

आता क्रम. पणजोबांपासून एकेक पिढी मागे जा. मूळ पुरुषापासून खाली येऊ नका, कारण तसे केल्यास एकाच नावाच्या दोन माणसांची सरमिसळ होते. न्यू साउथ वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ मार्च १८५६ पासून सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पन्नास वर्षांपूर्वीचे विवाह आणि तीस वर्षांपूर्वीचे मृत्यू यांची सूची नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. प्रत्यक्ष दाखल्याला पैसे पडतात, परंतु अधिकृत नक्कलकारांकडून त्यातला मजकूर कमी खर्चात उतरवून मिळतो.

१८५६ नंतरचा इथला मृत्यूचा दाखला म्हणजे अर्धी वंशावळच असते. मृताचे जन्मस्थान, वडिलांचे नाव व धंदा, आईचे माहेरचे आडनाव, विवाह कुठे आणि कितव्या वर्षी झाला, हयात व मृत मुलांची नावे, आणि तो वसाहतीत किती वर्षे होता, हे सर्व त्यात लिहिलेले असते. मूळ पुरुष स्वतः १८५६ पूर्वी वारले असतील, तर त्यांच्यापाशी अडून राहू नका. जहाजातून आई-वडिलांबरोबर आलेले चार-पाच वर्षांचे मूल १८६०-७० च्या सुमारास वारले असण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि त्याच्या दाखल्यावर ब्रिटनमधले जन्मस्थान असायला हवे. म्हणून थेट पूर्वजापेक्षा त्याच्या सर्व भावंडांचे दाखले मागवा. एक सावधगिरी अवश्य बाळगा. दाखल्यातली माहिती मृताने दिलेली नसते, ती मुलाने, जावयाने किंवा शेजाऱ्याने दिलेली असते. माहिती देणाऱ्याचे नाव त्याच कागदावर असते, ते आधी वाचा.

स्वतंत्र की कैदी, या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर नोव्हेंबर १८२८ च्या जनगणनेत आहे. त्यात प्रत्येकाचे वय, धर्म, धंदा, वस्ती, जहाज आणि आगमनाचे वर्ष दिले असून जमीनधारकाच्या बाबतीत एकूण एकर, साफ केलेले एकर, लागवडीखालचे एकर, घोडे, गुरे आणि मेंढ्या यांचेही आकडे आहेत. नावापुढे दोन इंग्रजी अक्षरांची खूण असते. ‘सी. एफ.’ म्हणजे स्वतंत्र आलेला, ‘बी. सी.’ म्हणजे वसाहतीत जन्मलेला, ‘एफ. एस.’ म्हणजे शिक्षा पूर्ण करून सुटलेला. मात्र ‘सी. एफ.’ ही खूण शेतकऱ्याला लागते तशीच सैनिकाला, खलाशाला, सरकारी नोकराला आणि कैद्यामागोमाग आलेल्या त्याच्या बायकोलाही लागते. तेव्हा ती खूण आणि जमिनीचा कागद दोन्ही जुळल्यावरच ‘स्वतंत्र वसाहतकार’ असे लिहावे. १८२८ पूर्वीच्या वर्षांसाठी हजेरीच्या याद्या आहेत; त्यांपैकी १८०५-०६, १८११, १८१४ आणि १८२२ च्या आपल्या कामाच्या. नंतरच्या जनगणनांवर विसंबू नका, त्यांतले बरेच कागद २२ सप्टेंबर १८८२ रोजी सिडनीतील गार्डन पॅलेसच्या आगीत जळाले.

दप्तरदार

वरील उत्तराशी मी सहमत आहे. जमीन आणि चर्च यांविषयी भर घालतो.

पोर्टलंड हेडची ‘कोरोमंडल’ कुटुंबे प्रेस्बिटेरियन या प्रामुख्याने स्कॉटिश अशा प्रॉटेस्टंट पंथाची होती आणि त्यांतली बरीच स्कॉटिश किंवा स्कॉटलंडच्या सीमेलगतची होती. त्यांनी शेजाऱ्यांसह १८०९ मध्ये एबेनेझर येथे दगडी प्रार्थनामंदिर बांधले, ते आज ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुने उभे चर्च म्हणून दाखवतात. साहजिकच शोधणारे एबेनेझरच्या नोंदवह्या मागतात आणि निराश होतात, कारण सुरुवातीच्या दशकांत वसाहतीतले अधिकृत धर्मगुरू चर्च ऑफ इंग्लंडचेच असत, आणि प्रेस्बिटेरियन मुलांचे बाप्तिस्मे व विवाह त्यांच्याच वह्यांत उतरत. पॅरामॅटाचे सेंट जॉन आणि विंडसरचे सेंट मॅथ्यू, या दोन चर्चच्या नोंदी पाहा. (सेंट मॅथ्यूची देखणी इमारत फ्रान्सिस ग्रीनवे या वास्तुकाराची आहे. तो स्वतः बनावट कागद केल्याबद्दल शिक्षा होऊन आलेला कैदी होता.) १८५६ पूर्वीच्या या नोंदी सरकारी सूचीत समाविष्ट आहेत, एकच बाप्तिस्मा दोनदा आढळला तर जुळी मुले समजू नये, एकाच नोंदीच्या दोन नकला सूचीत आल्या असण्याचा संभव अधिक.

जमिनीच्या सनदा गव्हर्नरच्या नावे निघत आणि त्यांची नोंदपुस्तके टिकून आहेत. आपल्या कामासाठी १८१० हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. २६ जानेवारी १८०८ रोजी लष्कराने गव्हर्नर ब्लाय यांना पदच्युत केले, आणि पुढील दोन वर्षांत लष्करी अधिकाऱ्यांनी ज्या सनदा दिल्या त्या १८१० मध्ये नवे गव्हर्नर मॅक्वारी यांनी रद्द केल्या. त्यामुळे शेकडो लोकांना आपली जमीन परत मागण्यासाठी अर्ज करावा लागला, आणि अशा अर्जात माणूस आपण कधी आलो, कोणत्या जहाजाने आलो, कुटुंबात किती माणसे आहेत, पुरात काय गमावले, हे सगळे सांगतो. मार्च १८०६ चा हॉक्सबरीचा महापूर अशा अर्जांत हमखास भेटतो. हे कागद ‘कलोनियल सेक्रेटरी’च्या (वसाहतीच्या सचिवाच्या) दप्तरात असून १७८८ ते १८२५ पर्यंतची त्यांची नामसूची न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवली आहे. अर्जाखालील सही अवश्य पाहा. ज्याने १८१० मध्ये स्वच्छ सही केली, त्याने १८२० मध्ये सहीऐवजी फुली मारली असेल, तर ती दोन माणसे आहेत अशी शंका घ्यायला जागा आहे.

जमिनीचा पुढचा प्रवास खरेदीखतांत आणि पॅरिशच्या (जमिनीच्या लहान विभागांच्या) जुन्या नकाशांत दिसतो; नकाशांवर मूळ सनदधारकाचे नाव थेट त्या तुकड्यावर छापलेले असते आणि ते राज्याच्या ऐतिहासिक भूमी-अभिलेखांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. वृत्तपत्रांसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ पाहावे. मार्च १८०३ मध्ये सुरू झालेले ‘सिडनी गॅझेट’ त्यात संपूर्ण शोधता येते. आडनावाची निदान चार-पाच स्पेलिंगे करून पाहा.

गॅझेट वाचताना एक भान ठेवावे. जी जमीन ‘रिकामी’ म्हणून शंभर-शंभर एकरांनी वाटली गेली, ती दारुग या मूळनिवासी लोकांची होती, आणि १८०४-०५ च्या अंकांत त्याच काठावरच्या चकमकींची वृत्ते आहेत. नातीसाठी इतिहास लिहायचा असेल तर हे पान गाळू नये, असे माझे मत आहे.

सीमावासी (एडिंबरा)

स्कॉटलंडच्या बाजूचे थोडे सांगते. तिथली सरकारी नोंदणी १८५५ मध्ये सुरू झाली, म्हणून १८०२ पूर्वीच्या माणसासाठी पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, जुन्या वह्याच पाहाव्या लागतात. त्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. सीमेच्या दक्षिणेला नॉर्थम्बरलंडसाठी इंग्लंडच्या पॅरिश वह्या वेगळ्या पाहाव्या लागतील. आपल्या दोन वंशावळींतले भांडण कदाचित भांडणच नसेल, कारण सीमेवरची कुटुंबे कामासाठी या गावातून त्या गावात जात आणि थोरल्या मुलाचा जन्म एका देशात, धाकट्याचा दुसऱ्या देशात असा प्रकार सर्रास होता.

स्कॉटिश कुटुंबांत नावे ठेवण्याची एक रीत होती, ती आपल्या ओळखीची वाटेल. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, थोरल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसरीला वडिलांच्या आईचे नाव देत. सगळेच ती पाळत नसत, तरी सर्व मुलांची नावे जन्मक्रमाने मांडली की आजी-आजोबांच्या नावांचा अंदाज येतो आणि त्याच नावाच्या अनेक माणसांतून योग्य माणूस निवडायला मदत होते. शिवाय स्कॉटिश नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्या आडनावाने येते, ही मोठीच सोय आहे.

डीएनए चाचणीचा सल्ला कोणी देईल. सातव्या पिढीमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी असतो. चुलत शाखांशी नाते ताडून पाहायला तिचा उपयोग होईल, गाव शोधायला नाही.

वानप्रस्थ (पुणे)

तिघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे विहीणबाईंनी शोध घेतला. १८२८ च्या जनगणनेत मूळ पुरुषांच्या नावापुढे ‘सी. एफ.’, कोरोमंडल, १८०२ असे स्पष्ट आहे आणि पंथ प्रेस्बिटेरियन आहे. जहाजातून आलेल्या धाकट्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थान नॉर्थम्बरलंड, तर त्याच्या थोरल्या बहिणीच्या दाखल्यावर ‘स्कॉटलंड’ एवढेच आहे. सीमावासी ताईंचा तर्क बरोबर दिसतो.

मात्र एक नवीच गोष्ट निघाली. विहीणबाई ज्या मुलाच्या वंशातल्या, त्याच्या बायकोच्या आईपुढे जनगणनेत ‘एफ. एस.’ अशी खूण आहे. घरात आजवर याचा उच्चार नाही. हे पुढे कसे तपासावे, आणि तपासावे का?

पॅरामॅटाकर (सिडनी)

अवश्य तपासावे. एके काळी इथली घराणी असा पूर्वज लपवत असत, आज बहुतेक जण तो सापडला म्हणून खूश होतात. तरी आधी विहीणबाईंना विचारा, घर त्यांचे आहे. जनगणनेच्या त्याच ओळीत त्या बाईंच्या जहाजाचे नाव व वर्ष असेल. त्यावरून कैद्यांच्या यादीत खटल्याचे ठिकाण आणि तारीख मिळेल. खटला लंडनच्या ओल्ड बेलीत चालला असेल तर त्याचे छापील वृत्त ऑनलाइन विनामूल्य वाचता येते. काय चोरले, कोणाच्या दुकानातून, साक्षीदार काय म्हणाले, हे त्यात असते, आणि कित्येकदा आरोपीचे स्वतःचे एखादे वाक्यही असते. खटला परगण्याच्या न्यायालयात चालला असेल तर तिथल्या अभिलेखागाराला लिहावे लागेल. पत्रात नाव, तारीख आणि न्यायालयाचे सत्र एवढे तीनच तपशील द्या, उत्तर लवकर येते.